दोनशे बारा ठिपके

आमच्या संस्थेच्या इमारतीला तीन मजले, आणि तिन्ही मजले तीस वर्षं एकाच खोऱ्याचा अभ्यास करत होते. तळाला मातीवाले, पहिल्यावर झाडवाले, दुसऱ्यावर माणसंवाले. जिना एक, लिफ्ट एक, पाण्याची टाकी एक. पण माती कशाशी खातात हे माणसंवाल्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या मातीवर कोण राहतं याच्याशी मातीवाल्यांना देणंघेणं नव्हतं.

मी दुसऱ्या मजल्यावरची. शाळा मधेच सुटली, पुढचं जे काही शिकले ते इथल्या कपाटांतले अहवाल वाचून. आधी घरोघरी जाऊन फॉर्म भरायचे, नंतर भरलेले फॉर्म तपासायला बसवलं. त्यामुळे या शहाण्यांचा सगळा इतिहास मला पाठ आहे, आणि तो सांगताना मी कुणाची भीडभाड ठेवणार नाही.

सगळ्यात आधी जोर होता माणसंवाल्यांचा. त्यांच्याकडे एक सूत्र होतं, मंत्र्यालाही कळेल इतकं सोपं. तोंडं वाढली की झाडं घटतात. एक रेघ वर जाते, एक खाली येते, मधे फुली पडते. त्या फुलीवर पाच जण डॉक्टर झाले. मग अर्थशास्त्राचे दोघे आले आणि म्हणाले, माणसं काय मोजता, लाकडाचा भाव बघा. त्यांना संडासाशेजारची खोली मिळाली, दोन वर्षांत कंटाळून गेले. मग उपग्रहाची छायाचित्रं यायला लागली आणि झाडवाल्यांच्या मानेत सळई बसली. आम्हाला वरून सगळं दिसतं, कुणाला विचारायची गरज काय, असं त्यांचं. मधे समाजशास्त्राची एक बाई वर्षभर खोऱ्यात राहून आली आणि तीनशे पानं लिहून गेली. तिचं म्हणणं एवढंच, की लोकांना विचारा. तो अहवाल कपाटातून काढणारी पहिली मीच. कधी न उलटलेली पानं एकमेकांना चिकटलेली होती. मातीवाले मात्र या सगळ्यांच्या आधीपासून खड्डे खणत होते. बुटांना चिखल असतो म्हणून त्यांना बैठकीला कुणी बोलवत नसे.

मग वरून हुकूम आला. खोऱ्यातल्या उतारावरची वस्ती तिथेच ठेवायची की खाली हलवायची, हे एक समिती ठरवणार होती, आणि तिला माणसं आणि जंगल दोन्ही एकत्र दाखवणारा एकच अहवाल हवा होता. मजल्यामजल्याचे वेगळे चालणार नाहीत.

आणि काय सांगू, इमारतीत जान आली. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांची नावं विचारायला लागली. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, ते जिना उतरून पहिल्या मजल्यावर गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. तिथल्या तरुण शास्त्रज्ञ बाई, ज्यांना आम्ही पाठीमागे उपग्रहबाई म्हणायचो, त्यांनी आमची माणसं त्यांच्या जंगलावर ठेवली. म्हणजे नकाशावर. झाडांचा हिरवा रंग, त्यावर घराघराचा लाल ठिपका. मातीवाल्यांना अर्थातच विसरले.

समितीच्या तीन दिवस आधी तो नकाशा भिंतीवर लागला आणि सगळे मजले बघायला जमले. मीही मागे उभी राहिले. खोऱ्याच्या उतारावर एक मोठा उघडा बोडका डाग, आणि बरोबर त्या डागावर दोनशे बारा लाल ठिपके. बाकी वर सगळं गर्द हिरवं, माणसाचा मागमूस नाही. लहान मुलालाही अर्थ लागावा. जिथे माणसं, तिथे जंगल साफ.

"तीस वर्षं जे सांगत होतो ते एका चित्रात आलं," मोठे सर म्हणाले. "वस्ती हलवायची, उतार मोकळा ठेवायचा. दुसरा निष्कर्षच निघत नाही."

टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, मी पुढे सरकून ते ठिपके बघत होते.

त्या वस्तीत माझी सख्खी बहीण राहते. तिच्या घरी मी पन्नास वेळा गेलेय. रस्त्याकडेच्या दुकानापासून पाऊण तास चढावं लागतं. नकाशावर मात्र वस्ती दुकानाला चिकटून बसली होती.

आता माझं पाप सांगते. नऊ वर्षांपूर्वी त्या वस्तीचे दोनशे बारा फॉर्म मी भरले. रोज चोवीस फॉर्म झालेच पाहिजेत असा नियम होता. हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात डोंगर चढलेला नसावा, कारण दारोदार चढत गेलं तर दिवसाला सहाच होतात. म्हणून आम्ही सगळेच एक युक्ती करायचो. रस्त्याच्या कडेला दुकान असतं, दुकानाला ओटा असतो. मीठ-साबण न्यायला घरातलं कुणी ना कुणी खाली येतंच. त्यांना बसवायचं आणि विचारायचं. माणसं किती, वयं काय, चुलीला काय जाळता. उत्तरं खरी. फक्त शेवटी यंत्राचं एक बटण दाबायचं असे, म्हणजे घराची जागा नोंदली जाते. ते बटण मी दोनशे बारा वेळा त्याच ओट्यावर बसून दाबलं.

मग हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याचीही गंमत आहे. कुणाचं घर कुठलं हे बाहेर कळू नये म्हणून आमचा कॉम्प्युटर फाइल दुसऱ्यांना देताना प्रत्येक ठिपका थोडा थोडा इकडे-तिकडे सरकवतो. नियम चांगला आहे. पण त्याने माझ्या एका ओट्याची छान गजबजलेली वस्ती करून टाकली. मूळ फाइल मोठ्या सरांकडे कुलपात. ती त्यांनी उघडली नव्हती, कारण उघडायची गरज कधी पडलीच नव्हती.

टाळ्या संपल्यावर मी सरळ पहिल्या मजल्यावर गेले.

"मॅडम, हे ठिपके जिथे आहेत तिथलं छायाचित्र मोठं करून दाखवा ना."

"आत्ता? केलंय ते सगळं," उपग्रहबाई म्हणाल्या. "किती मोठं?"

"छपरं मोजता येतील एवढं."

त्यांनी मोठं केलं. आणखी मोठं केलं. बोडक्या उताराच्या पायथ्याशी एक पत्र्याचं छप्पर होतं. एकच.

"हे काय आहे?"

"दुकान. मी इथे बसले होते," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं आता ही बाई मला खिडकीतून फेकणार. त्यांनी चित्र डोंगराच्या वरपर्यंत सरकवत नेलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवून हळूच म्हणाल्या, "मग घरं कुठायत? दोनशे बारा घरं. मी या खोऱ्याची अठरा वर्षांची चित्रं बघितलीत. वर मला एकही छप्पर दिसलेलं नाही."

मी तिथूनच बहिणीला फोन लावला. आवाज मोठा ठेवला.

"ताई, तुझं घर वरून दिसेल का गं?"

"वरून कोण बघतंय मेलं?"

"उपग्रह."

"त्याला सांग कामधंदा बघ." मग ताई जरा गंभीर झाली. "नाही दिसणार. आंगणात ऊन यायला दुपार होते. घरामागे झाड, पुढे झाड, छपरावर फांद्या. सासऱ्यांनी लावलेली, आम्ही राखलेली. का गं, झालंय काय?"

उपग्रहबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

"झाडांखाली आहेत," त्या म्हणाल्या. "अगं, घरं झाडांखाली आहेत. ज्याला मी निर्मनुष्य जंगल म्हणून रंगवलं ती वस्ती आहे. आणि जो वस्तीचा डाग म्हणतोय तिथे कुणीच नाही."

मॅडमवरून त्या अगंवर कधी आल्या ते दोघींनाही कळलं नाही.

पण आता नवीनच कोडं पडलं. माणसं तिथे नाहीत, तर उतार बोडका केला कुणी? त्याचं उत्तर पहिल्या मजल्यावर नव्हतं, दुसऱ्यावरही नव्हतं. आम्ही दोघी धावत तळमजल्यावर गेलो. तिथे मातीकाका असतात. निवृत्तीला सात महिने राहिलेले, नखांत कायमची माती, टेबलावर वह्यांची चळत.

"दुकानामागचा उतार?" त्यांनी एक वही ओढली. "माती बोटभर. खाली नुसता मुरूम. आणि वर वस्तीत मांडीइतकी माती. काळी, भुसभुशीत. हात घातला तर बाहेर काढावासा वाटत नाही."

"हे कुठे लिहिलंत का नाही, काका?"

"लिहिलं की. आठ वर्षांपूर्वी. आमच्या मासिकात. वाचणारे आम्ही अकरा जण, त्यातले चार आता वारले."

"पण त्या उताराची माती गेली कशाने?"

"बांध फुटले. पूर्वी तिथे पायऱ्या पायऱ्यांची शेतं होती, दगडी बांधांची. बांधाचं कसं असतं पोरी, एक दगड निखळला की त्याच आठवड्यात बसवायचा. नाही बसवला तर पुढच्या पावसात दहा जातात आणि तिसऱ्या वर्षी डोंगर खाली येतो. तो दगड बसवायला माणूस लागतो. तिथली माणसं गेली कुठे ते मला विचारू नकोस, माणसं दुसऱ्या मजल्याची."

माणसं दुसऱ्या मजल्याची. मी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत वर आले, कारण लिफ्टची वाट बघवेना. मला माहीत होतं कुठे बघायचं. फॉर्म भरताना एखाद्या घराला कुलूप असलं तर आम्ही वेगळा पिवळा कागद करायचो. घर बंद, माणसं कुठे गेली, शेजाऱ्याच्या सांगण्यानुसार कोणत्या वर्षी. ते कागद कॉम्प्युटरमध्ये कधी चढलेच नाहीत. माणूस नाही म्हणजे मोजायचं काय, असा आमच्या मजल्याचा हिशेब. गठ्ठा कपाटाच्या तळाशी होता, सुतळीने बांधलेला, वर माझंच अक्षर. रस्त्याकडेच्या खालच्या वाडीची सत्तावन्न बंद घरं, आता छपरांसकट कोसळून मातीला मिळालेली. बोडक्या उतारावरची शेतं त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मातीकाकांच्या खोलीत जमिनीवर बसलो. टेबलावर मावेना. मी पिवळ्या कागदावरून वर्ष वाचायचे, उपग्रहबाई त्या तुकड्याची एकेक वर्षाची चित्रं उलटायच्या, काका वहीतून तिथल्या बांधाची लांबी सांगायचे.

"हे घर. चौघे भाऊ, रस्ता झाला त्याच वर्षी चौघेही कामाला बाहेर गेले."

"पुढची तीन वर्षं बांध दिसतायत," उपग्रहबाई म्हणाल्या. "चौथ्या वर्षी एक खाच. पाचव्या वर्षी... गेला."

"पुढचं वाच," काका म्हणाले.

पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही. एक घर असं निघालं की म्हातारी एकटी मागे राहिली होती, आणि तिचा एवढासा हिरवा तुकडा सगळ्या डागात नऊ वर्षं तगून होता. ती गेली आणि चार वर्षांनी तोही गेला. तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला. दुपारी जेवायचं राहिलं ते राहिलंच. अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. तीस वर्षं तिन्ही मजल्यांनी एकेक तुकडा उशाशी घेऊन झोपा काढल्या होत्या, आणि ते जोडायला जमिनीवर बसलेली तीन माणसं पुरली.

ताई तिकडे वस्तीत दारोदार फिरून, झाडीबाहेर जवळच्या मोकळ्या जागी उभी राहून, फोनवरून घराघराची जागा पाठवत होती. संध्याकाळपर्यंत चाळीस आली. एकेचाळिसाव्या वेळी तिचा फोन आला. "मला पण पगार लावा तुमच्याकडे. गुडघे गेले. आणि खरं सांग, आम्हाला हलवणार आहेत का?"

"परवा ठरणार आहे."

"तू काय करणार आहेस?"

"जे केलं ते सांगणार."

"मग तुझं काय होणार?"

मी फोन ठेवला.

काय होणार ते मोठ्या सरांनी सांगितलं. आम्ही तिघं त्यांच्या खोलीत गेलो, कागद मांडले. त्यांनी सगळं नीट बघितलं. माणूस मूर्ख नाही, हीच तर अडचण. मग बाकीच्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं.

"बाई, तुमच्या कायम नेमणुकीचा कागद या खणात आहे. माझी सही तेवढी राहिलीय."

"माहीत आहे, सर."

"तुम्ही खोट्या जागा नोंदवल्यात असं समितीसमोर म्हणालात, तर मी ही सही करू शकत नाही. आणि बाकीच्या खोऱ्यांचे फॉर्मही संशयात येतील. तीस वर्षांचं काम."

"तिथेही ओटे असणारच, सर."

त्यांनी आमचे कागद गोळा केले. मग म्हणाले, "शेवटच्या पानावर एक टीप टाकू. ठिकाणांच्या नोंदीत मर्यादा आहेत, अशी. चूक कबूल करायला एक वेळ असते."

"ती कधी येते? वस्ती खाली आणल्यावर? वरून माणसं उचललीत की त्यांनी राखलेले वरचे बांधही पाच वर्षांत जातील. मग तिथेही बोडका डाग पडेल आणि तुम्ही म्हणाल, बघा, आम्ही सांगत होतो."

"आवाज," सर म्हणाले.

"दुरून डोंगर साजरे म्हणतात ते तुमच्यासाठीच," मी म्हटलं आणि बाहेर आले.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं, पाच जण, मधे अध्यक्ष. मला भिंतीशी मागची खुर्ची. सरांनी भाषण सुरू केलं, नकाशा पडद्यावर आला. वस्ती हलवावी हे वाक्य यायच्या आधीच मी उभी राहिले. थांबले असते तर बसूनच राहिले असते.

"ते दोनशे बारा ठिपके घरांचे नाहीत. दुकानाचे आहेत."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठलं दुकान?"

"मीठ, साबण, खिळे मिळतात. ओटा थंडगार आहे, म्हणून मी तिथे बसून फॉर्म भरले. सगळे."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "म्हणजे ही माहिती खोटी?"

"माणसं खरी, वयं खरी. जागा तेवढी खोटी. आणि तुम्ही नेमकी जागाच बदलायला निघालात."

मग उपग्रहबाई चित्रं घेऊन पुढे आल्या. मातीकाका बूट घालूनच आले, गालिच्यावर ठसे उमटले. त्यांनी वही उघडून आपल्या घोगऱ्या आवाजात सत्तावन्न घरांची वर्षं आणि सत्तावन्न बांधांची वर्षं एकापुढे एक वाचली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे माणसं वाढली की जंगल वाढतं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही," काका म्हणाले. "या उतारावर दगड बसवायला हात उरले नाहीत म्हणून माती गेली, एवढंच म्हणतोय. पलीकडच्या खोऱ्यात दुसरंच काही असेल. तिथे जाऊन बघावं लागेल."

अध्यक्ष मोठ्या सरांकडे वळले. "तुमच्याकडे मूळ नोंदी असतील ना? न सरकवलेल्या?"

सर नाही म्हणू शकले असते. गोपनीयतेचा नियम हाताशी होता. त्यांनी खिशातून चावी काढावी तसा पेनड्राइव्ह काढला आणि मूळ फाइल सगळ्यांसमोर उघडली. पडद्यावर खोरं आलं. दोनशे बारा ठिपक्यांऐवजी एकच ठिपका, रस्त्याच्या कडेला.

"हे मी आधी उघडायला हवं होतं," सर म्हणाले. एवढंच. पण तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगते, माझा राग अर्ध्यावर आला.

वस्ती हलवायचा मुद्दा त्याच दिवशी खोडला गेला. पुन्हा पाहणी, दारोदार, पायी, तिन्ही मजल्यांनी मिळून. तोवर कुणाला हात लावायचा नाही. मलाही संध्याकाळी पत्र मिळालं. चुकीच्या जागा नोंदवल्याबद्दल कायम नेमणूक मिळणार नाही, यापुढे फॉर्मवर माझी सही चालणार नाही. खाली मोठ्या सरांचीच सही. मी चूक केली होती, शिक्षा मिळाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवसाला चोवीसचा नियम करणाऱ्याला मात्र कुठलंच पत्र गेलं नाही, तो पुढच्या महिन्यात बढती घेऊन दुसरीकडे गेला. ही तक्रार आहे आणि ती मी मरेपर्यंत करणार.

पायी पाहणीला रस्ता दाखवायला कुणीतरी लागणार होतं. रोजंदारीवर मला घेतलं.

सकाळी आम्ही चढायला लागलो. सर दर शंभर पावलांवर थांबत होते आणि थांबल्याचं कारण म्हणून निसर्गाचं कौतुक करत होते. दुसऱ्या वळणानंतर झाडी सुरू झाली आणि उपग्रहबाईंच्या हातातलं यंत्र गोल गोल फिरायला लागलं, त्याला वरचा उपग्रहच सापडेना. त्यांनी मान वर करून फांद्यांकडे बघितलं आणि मोठ्याने हसल्या. काकांनी तोवर पायवाटेच्या कडेला फावडं टेकवलंही होतं.

पहिलं दार ताईचं. ती उंबऱ्यात उभी होती, पदराला हात पुसत. सरांनी कोरा फॉर्म काढला, श्वास सावरला.

"पहिला प्रश्न," ते म्हणाले. "घरात माणसं किती?"

"थांबा सर, पहिला प्रश्न तो नको," उपग्रहबाई म्हणाल्या. "आधी घराभोवती झाडं किती आणि कुणी लावली."

"झाडं नंतर," काका मागून ओरडले. "बांध कोण दुरुस्त करतं ते आधी लिहा. सगळं त्यावर अडलंय."

"माणसंच मोजली नाहीत तर दुरुस्त कोण करतं ते कसं कळणार?" सर म्हणाले.

"आणि गेलेल्यांचं काय?" मी मधेच म्हटलं. "जे इथे नाहीत ते कुठल्या रकान्यात?"

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं आता गप्प बसवणार. त्यांनी फॉर्म उलटा केला, पाठचं कोरं पान वर घेतलं आणि गुडघ्यावर ठेवून नवीन रकाना आखायला लागले. काका फावडं टाकून आले, उपग्रहबाई त्यांच्या खांद्यावरून वाकल्या, आणि तिघांचं असं जुंपलं की कोण कुठल्या मजल्याचा ते ओळखू येईना. मीही त्यात घुसले.

ताईने थोडा वेळ ऐकून घेतलं.

"वर अजून दोनशे अकरा घरं आहेत," ती म्हणाली. "भांडायचं असेल तर आत बसून भांडा. चहा टाकते."